माझं 'हं' आणि गोगीची परीक्षा

८ सप्टेंबर, शुक्रवार

आज मला वर्गाबाहेर काढलं. या वयात! शाळेत कधी गेले नाही, तेव्हा वर्गाबाहेर उभं राहायची हौस तेवढी राहून गेली होती. ती फिटली.

काढणारी कोण, तर पेन्सिलबाई. गोगीची शिक्षिका. कानावर कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून मी तिला पेन्सिलबाई म्हणते. तोंडावर नाही. तोंडावर 'बाई' म्हणते आणि गोड हसते.

गोगी म्हणजे माझी नात. नऊ वर्षांची. प्रत्येक गोष्टीला तिला वेळ लागतो. चालायला लागला, बोलायला लागला, अजूनही शब्द मोजून मापून वापरते. डॉक्टर म्हणाले होते, सगळं होईल, पण तिच्या वेगानं. मी म्हटलं, गोगलगायच आहे आमची, आणि तेच नाव पडलं. शाळा तिच्यासारख्याच मुलांची. मी रोज तिच्याबरोबर व्हॅनमधून जाते आणि वर्गाबाहेरच्या बाकावर बसते. एरवी आत डोकावलं तरी कुणी काही म्हणत नाही. आज पेन्सिलबाई म्हणाली, "आजी, आज दार लावते. ती सारखी तुमच्याकडे बघते."

माझ्याकडे नाही बघणार तर काय भिंतीकडे बघेल?

परीक्षा होती आज. सगळ्या वर्गाची एक परीक्षा नसते तिथे. प्रत्येक मुलाची वेगळी, आणि तीसुद्धा एकेकट्याला बसवून. गोगीची परीक्षा म्हणजे शाळेत आल्यावरची कामं – जाकीट काढून अडकवायचं, बूट बदलायचे, दप्तर कप्प्यात, डबा फळीवर. आणि त्या प्रत्येकाचे तुकडे. चेन खाली ओढली, एक तुकडा. एक बाही निघाली, दुसरा तुकडा. असे तुकडे केले तर मी चहा करते म्हणजे केवढा पराक्रम करते!

प्रत्येक तुकड्याला एक खूण. आपलं आपण केलं तर पूर्ण गोल. बोट दाखवावं लागलं तर अर्धा गोल. हात धरून करून घ्यावं लागलं तर आडवी रेघ. मला अक्षर येत नाही, पण हे वाचायला अक्षर कशाला हवं?

दाराला काच आहे. काचेला नाक लावून बघितलं. गोगीनं एक बाही काढली आणि थांबली. जाकीट एका खांद्यावर लोंबतंय आणि ही उभी. पेन्सिलबाई समोर भिंतीसारखा चेहरा करून बसलेली. ना हसू, ना 'शाब्बास', काही नाही. बराच वेळ तशीच. मग तिनं दुसऱ्या बाहीकडे बोट केलं. अर्धा गोल. पुढच्या तुकड्याला पुन्हा तेच. कागदभर अर्धे गोल, जसे कुणी चंद्र तोडून ठेवलेत.

पेन्सिलबाई बाहेर आल्यावर मी म्हटलं, "घरी सगळं धडाधड करते ती."

"तेच तर कळत नाहीये," म्हणाली. "हात चालतात तिचे. मग अडते कशाला? ते कळलं की सोमवारपासून तेवढंच शिकवता येईल. सगळं पहिल्यापासून नको."

"तुमचा चेहरा बघून अडत असेल."

हसली. दात छान आहेत तिचे. त्याचाही राग आला.

१० सप्टेंबर, रविवार

जेवायला बसलो तर गोगीच्या कानावर चमचा. पेन्सिल मिळाली नाही म्हणून चमचा! मुलगा आणि सून पोट धरून हसले. मी हसले नाही. माझ्यासारखी कमरेवर हात ठेवून कधी उभी राहिली नाही ती.

१२ सप्टेंबर, मंगळवार

हे बोलून ठेवायचं खूळ मुलाचं. फोनवर माइकचं चित्र आहे, ते दाबायचं आणि बोलायचं, फोन लिहून घेतो, तारीखही तोच घालतो. "आई, दिवसभर आम्ही कामावर, तू कुणाशी बोलणार? ह्याच्याशी बोल." बरं आहे. ऐकून घेतो, उलट बोलत नाही. या घरातला असा पहिलाच.

तर आजचं ऐक. व्हॅनमधून उतरलो, फाटकापाशी पेन्सिलबाई उभी. गोगीनं माझा हात सोडला. झटकला नाही, सोडला – जसा आपण जिना संपल्यावर कठडा सोडतो. आणि जाऊन तिचा धरला.

रात्री सून म्हणाली, "किती छान शिकवतात ना त्या बाई." शिकवतात ना. न्हाऊ घालायचं मी, भरवायचं मी, तापात मांडीवर घेऊन बसायचं मी. आणि छान कोण? तर त्या.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

पेन्सिलबाई घरी आली होती. "घरी जमतं म्हणता ना आजी, मग तिथंच बघू." मी मनात म्हटलं, ये, बघच. सकाळीच पॅसेज झाडून पुसून ठेवला. गोगीला नवे मोजे घातले.

गोगीनं काय केलं म्हणून सांगू! जाकीट काढलं, अडकवलं, बूट काढले, घरातल्या चपला घातल्या, दप्तर जागेवर, डबा ओट्यावर. एकदाही अडली नाही. मी अशी ऐटीत उभी, की विचारू नका. पेन्सिलबाईकडे बघितलं, तर ती गोगीकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

म्हणाली, "आजी, तुम्ही दर वेळी 'हं' म्हणता."

"मी? मी कशाला म्हणू?"

"बाही निघाली – हं. बूट निघाला – हं. ते ऐकलं की ती पुढचं करते."

"काहीतरीच. मी तोंड मिटून उभी होते."

"मग एक करूया? तोंडात पाण्याचा घोट धरा. गिळायचं नाही. गोगीला पुन्हा सगळं करू दे."

पाहुण्यांनी माझ्याच घरात मला चूळ भरायला लावली. भरली. गाल फुगवून उभी राहिले. पेन्सिलबाईनं गोगीला पुन्हा जाकीट घातलं आणि गोगीनं चेन खाली ओढली. थांबली. माझ्या तोंडाकडे बघायला लागली. गालाकडे नाही, अगदी ओठांकडे. चेन उघडी, हात बाहीपाशी तसाच अधांतरी. मी डोळे मोठे केले, मान हलवली. नाही. ती आपली उभी, जणू कुणी चावी द्यायला विसरलंय.

मला राहवलं नाही. पाणी गिळलं आणि 'हं' निघालंच. निघालं म्हणजे काय, आपोआप. हात ताबडतोब बाहीबाहेर.

पेन्सिलबाई टाळी वाजवेल असं वाटलं. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अहो, पोरीला सगळं येतं! आम्ही उगाच बाह्या शिकवत बसलो होतो."

१६ सप्टेंबर, शनिवार

काल बोलून झाल्यावर कधी नव्हे ते माझ्याच ओठांवर लक्ष ठेवलं. खरंच म्हणते की मी. भांडं घासून ठेवलं – हं. कुलूप लागलं – हं. सून म्हणाली, "आई, तुमचं ते आम्हाला माहीतच आहे." मग सांगायचं नाही?

पण एक सांगते, फोनशिवाय कुणाला सांगणार नाही. आनंद झाला मला. एवढी शिकलेली बाई, एवढे गोल आणि रेघा, आणि पोरगी चालते कशावर? माझ्या हं वर. ते तिच्याकडे नाही. पगारात मिळत नाही ते.

१८ सप्टेंबर, सोमवार

माझा आनंद फार टिकू द्यायचा नाही असं ठरवलंय तिनं.

आता म्हणे तुकडे शिकवायचे नाहीत, 'हं' कमी करायचं. पहिला आठवडा मी घरी हळू म्हणायचं. मग दुरून. मग नुसती मान. मग पाठ फिरवून बसायचं. दर शुक्रवारी परीक्षा, गोगी थांबते की पुढे जाते ते बघायला. जमलं तर पुढची पायरी, नाही जमलं तर तीच पुन्हा. सगळं सांगताना इतकी गोड बोलत होती, जशी एखादीला नोकरीवरून काढताना बोलतात.

"आणि सगळं जमल्यावर?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मग ऑक्टोबरअखेर ती वरच्या वर्गात जाईल. वरच्या मजल्यावर. तिथं वाचायला शिकवतात, थोडे हिशेब, बाजारात नेतात. पण तिथं आपलं आपण येता आलं पाहिजे. नाहीतर आणखी एक वर्ष इथंच."

खाली येऊन मी शिपायाला विचारलं, वरच्या मजल्यावर बाक कुठे असतो. तो म्हणाला, "आजी, वर पालकांना बसू देत नाहीत. जिन्यापर्यंतच."

म्हणजे असं आहे तर.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी एक उद्योग केला.

परीक्षा चालू होती. दार बंद, 'हं' म्हणायची बंदी, मी काचेला नाक लावून. गोगी पहिल्या बाहीपाशी थांबली. पेन्सिलबाईची भिंत. बाकीची पोरं आपापली खेळतायत, एक जण गोगीकडे बघून हसतोय. मी खोकले. पण खोकल्यात 'हं' होतं, चांगलं ठसठशीत. गोगीची दुसरी बाही निघाली. मी पुन्हा खोकले. बूट निघाला. असा खोकला मला आयुष्यात लागला नव्हता.

पेन्सिलबाईनं कागदावर काहीच लिहिलं नाही. दार उघडून बाहेर आली, माझ्या शेजारी बाकावर बसली. ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द ऐकवता आले असते.

"आजी, हे सगळे गोल तुमचे आहेत," म्हणाली. "तिच्या कागदावर कसे लावू मी?"

"लावा की. एका घरातल्याच आहोत."

"लावले तर ती वर जाईल. आणि वर तिला खोकायला कोण आहे?"

मी म्हटलं, "मग वर पाठवू नका."

बोलून गेले आणि मलाच ऐकू आलं. तिनं पेन्सिल कानावर खोचली आणि आत गेली.

२५ सप्टेंबर, सोमवार

हळू म्हणायचं होतं. मी मोठ्यानं म्हणते. घर माझं, तोंड माझं.

गोगी आज शाळेतून येताना व्हॅनमध्ये मला म्हणाली, "बाई छान." मी म्हटलं, "आणि आजी?" तिनं विचार केला. फार वेळ केला. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "आजी आजी." आता हे चांगलं की वाईट, कुणाला विचारू?

२६ सप्टेंबर, मंगळवार

सूनबाईला सुगावा लागला. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात आहे, पहाटेच निघते. आज निघता निघता म्हणाली, "आई, बाईंचा फोन आला होता. तुम्हाला ती वर जायला नको आहे का?"

"मला कशाला नको असेल?"

"मग हं चं काय?"

"जुनी सवय आहे, जाता जाता जाईल."

ती चपला घालत म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा मला कणीक मळताना हं म्हणायच्या तुम्ही. मी आठवडाभर रडले होते." आणि गेली. हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

अंगात ताप आहे, पण बोलायचंय.

काल रात्रीपासूनच कसकसत होतं. मुलगा गाडी घेऊन परगावी गेलेला, सून पहाटे कामावर. मी तिला म्हटलं, जा तू, मी आहे. गोगीला उठवलं, दूध दिलं, कपडे घातले. उभं राहवेना. म्हटलं, "बूट घाल, जाकीट घाल, व्हॅन आली की जा. आज आजी येणार नाही." आणि जरा अंग टेकलं.

डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तर ऊन खिडकीतून पार पलंगावर. व्हॅन हॉर्न वाजवून कधीच निघून गेली असणार. घरात काही आवाज नाही. मला वाटलं, गेली.

पॅसेजमध्ये होती. एका पायात बूट, दुसरा पाय नुसत्या मोज्यावर, थंडगार फरशीवर. जाकीट खुंटीवरच. भिंतीला टेकून माझ्या दाराकडे बघत उभी. खाली ओलं झालं होतं. तिला संडासाला जाता येतं, नीट जाता येतं. पण बूट अर्धा राहिला होता ना. एक संपल्याशिवाय दुसरं कसं करणार?

रडत नव्हती. चिडलेली नव्हती. मी दिसल्यावर हसली.

मी 'हं' म्हटलं नाही. मला म्हणायचं नव्हतं. पण तिला तसं बघून घशातून काहीतरी आलं, आणि तेवढं तिला पुरलं. वाकली आणि दुसरा बूट घातला. न चुकता. पट्टीसुद्धा नीट चिकटवली.

ओला मोजा, त्यावर बूट.

३ ऑक्टोबर, मंगळवार

पेन्सिलबाईला सगळं सांगितलं. तिचं खरं निघालं याचा रागच जास्त आला होता, पण सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. हात वगैरे धरला नाही, बरं केलं. म्हणाली, "मग आजपासून तुम्ही वर्गाच्या खिडकीपाशी बसा. तिथून म्हणायचं. हळू." बस्स. मी तिथे जाऊन बसले. विद्यार्थिनीसारखी.

४ ऑक्टोबर, बुधवार

हळू म्हणणं किती अवघड असतं! ओठ चावून ठेवते. तोंडात लवंग धरून बघितली, चावली गेली.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

परीक्षा. खिडकीतून हळू म्हटलेल्या हं वर गोगीनं सगळं केलं. दोन ठिकाणी तर मी म्हणायच्या आधीच. पेन्सिलबाईनं त्या दोन ठिकाणी पूर्ण गोल काढले आणि मला कागद काचेला लावून दाखवला. मी दुसरीकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं.

११ ऑक्टोबर, बुधवार

आता नुसती मान. घरीसुद्धा. काल गोगी बाही घालून थांबली आणि मी मानही न हलवता पाठ फिरवून भाजी निवडत बसले. माझे कान मागे. जाकिटाची सरसर ऐकू येईना. किती वेळ गेला कोण जाणे, भाजीचे नुसते देठ उरले. मग सरसर झाली.

मी वळले नाही. भाजीत डोळे घालून बसले. सून आली आणि म्हणाली, "देठांचं काय करायचंय, आई?"

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळे गोल. एक सोडून – या नव्या जाकिटाची चेन. तिथे अडते, पण आता वेगळं अडणं आहे. आता वाट बघत नाही, बोटांना ते लहानसं टोक सापडतच नाही. पेन्सिलबाई म्हणाली, "हे खरं न येणं आहे. हे शिकवता येतं." इतक्या आनंदानं म्हणाली, जसं कुणी बक्षीस दिलं. आणि चेनीच्या टोकाला किल्ल्या अडकवायची एक रिंग लावून दिली. बोट घाला आणि ओढा.

रिंग! आमच्या घरात चार पडल्यात डब्यात. मला का सुचली नाही? रात्रभर जळले त्या रिंगवरून.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

आज वरच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या होत्या. उंच, कडक इस्त्रीचे कपडे. परीक्षा पेन्सिलबाईनं घेतली. मी बाहेर, काचेपाशी, ओठ घट्ट.

गोगी आली. रिंगेत बोट, चेन खाली. बाही, बाही. खुंटी. बूट. दप्तर. डबा. मध्ये एकदा थांबली, पण ती बुटावरचा चिखल खरवडत होती. खरवडला आणि पुढे गेली.

मी काचेतून हात हलवला. तिनं बघितलं नाही. तिला काम होतं.

सगळे गोल. सोमवारपासून वर. पेन्सिलबाईनं कागद घडी घालून उंच बाईंच्या हातात दिला. द्यायला तिला जरा वेळ लागला असं मला वाटलं. किंवा मलाच आता सगळ्यांचं अडणं दिसतं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

व्हॅनमधून एकटी गेली. मी घरी. भांडी घासली, कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. मग फोन उचलला, तोही पुसून ठेवला.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

गोगी डबा विसरली, तो द्यायला गेले होते. शिपायानं जिन्यापाशीच थांबवलं आणि डबा वर नेला. तिथे पेन्सिलबाई उभी. वर्ग सोडून, पायरीवर एक पाय, मान वर. मला बघून दचकली. म्हणाली, वर तिलाही जाता येत नाही, उंच बाईंना आवडत नाही. मग पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा खोचली आणि हळूच विचारलं, "घरी माझं नाव काढते का ती?"

काढत नाही. सोमवारपासून फक्त वरच्या बाई.

मी म्हटलं, "रोज. जेवताना."